घुमणारा साग

चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यात एक मालकी प्रकरण होतं. म्हणजे शेतकऱ्याच्या स्वतःच्या सागाची तोड. निम्मं काम कागदाचंच. पहिलं झाड पडलं आणि सगळे गप्प. बुंध्याच्या मधोमध मूठ जाईल एवढी पोकळी, आत ओला भुसा.

उभ्या झाडावर हे कळतं. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकायचं: भरीव साग टणक वाजतो, पोकळ घुमतो. मला हे एका म्हाताऱ्या वनमजुराने शिकवलं, कुठल्या प्रशिक्षणाने नाही. हल्लीची पोरं टेप लावतात, आकडा लिहितात, पुढे जातात. या वेळी मीही तेच केलं. 1.37 मीटर उंचीवर घेर घेतला, आकडा झकास आला, ठोकायचं राहिलं.

“साहेब, स्टंप तुमीच देल्ले होते जी,” मालक म्हणाला.

खरं होतं. चोवीस वर्षांपूर्वी रोपवाटिकेवर मीच होतो. स्टंप म्हणजे अंगठ्याएवढं जाड मूळ, वर दोन बोटं खोड, पहिल्या पावसात पहारीने भोक पाडून ठोकायचं. माझे स्टंप मरत नसत, हा माझा तोरा. कुठे लावणार, हे विचारलं नाही. उद्दिष्ट स्टंपांचं असतं, जमिनीचं नसतं.

त्यात गेल्या हिवाळ्यात मी हावड्याजवळची शिबपूरची वनस्पती बाग पाहून आलेलो. 1787 मध्ये कंपनीच्या फौजेतल्या रॉबर्ट कीडने ती हुगळीकाठी उभी केली. त्याला जहाजांसाठी साग हवा होता. गाळात साग भराभर वाढला, पण बुडाशी पोकळ निघाला. शेवटी नाद सोडावा लागला. ‘साहेबाला आधी आलापल्लीचं सागाचं जंगल दाखवायला हवं होतं,’ असं मी मुलाला हसत म्हणालो. मग सगळे जातात तसे आम्हीही वड बघायला गेलो. त्याचं मूळ खोड किडलं म्हणून 1925 मध्ये काढून टाकलं, तरी पारंब्यांवर झाड एकरांनी पसरलंय. सागाला पारंब्या नसतात.

धुऱ्यावरून मामा तलावाची, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावाची, पाळ दिसत होती. तलाव भरला की इथे दिवाळीपर्यंत चिखल. उरलेली झाडं एकेक ठोकत गेलो. पाळीकडची घुमली, रस्त्याकडच्या चढावरची बारा टणक वाजली. मालक प्रत्येक ठोक्याला थांबून ऐकत होता.

“मंग इथं काय लावाव जी?”

“अर्जुन, जांभूळ. पाण्यात टिकतात.”

“अन् ते विकत कोन घेते?”

मी तेराव्या झाडाकडे गेलो.