आभाळातले काळे ठिपके आणि टँकरचं पाणी

रविवार, रात्री उशिरा.

मी कॅमेऱ्याची फिल्म घरीच केमिकलमधे डेव्हलप करतो, आणि हल्ली धुतलेल्या प्रत्येक रोलवर ठिपके येतायत. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मे महिना म्हणजे टँकर, त्यामुळे घरात काहीही बिघडलं की पहिला आरोप पाण्यावर, मग ते वॉशिंग मशीन असो नाहीतर केस गळणं. रोलचाही निकाल तसाच लागला. बाबा म्हणाले पाणी. वरच्या मजल्यावरचे काका, ज्यांचा पूर्वी स्टुडिओ होता, ते म्हणाले हायपो, म्हणजे शेवटी फिल्म पक्की करणारं केमिकल, शिळा झाला असेल. मित्र म्हणाला, जुनी फिल्म घेतली असशील कुठूनतरी. निगेटिव्ह हातात घेऊन बघितली कोणीच नाही!

मला काही पटेना, कारण स्कॅनमधे ठिपके दोन जातीचे होते, काही पांढरे काही काळे, आणि निगेटिव्हमधे सगळं उलटं चालतं. स्कॅनमधे पांढरं दिसतंय म्हणजे फिल्मवर काहीतरी बसलंय आणि ते प्रकाश अडवतंय. काळं दिसतंय म्हणजे त्या जागी चित्र उमटवणारी काळी चांदी तयारच झालेली नाही, फिल्म तिथे काचेसारखी मोकळी आहे. म्हणजे पांढरा ठिपका नंतर येऊन बसलेला आणि काळा मुळातच राहून गेलेला. दोघांचा गुन्हेगार एकच कसा असेल? हायपो कमी पडला असता तर फिल्म दुधाळ दिसली असती, असे सुटे ठिपके नसते आले. आणि डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल, तो कोडॅकचा डी-७६, ते लोक १९२७ पासून वापरतायत, त्याला कशाला मधे ओढा.

पांढऱ्यांचा निकाल लगेच लागला. फिल्म टेबललॅम्पखाली तिरकी धरली तर चमकदार बाजूवर खडूसारखी गोल कडी दिसली, आमच्या बादलीला जो थर धरतो तोच. टँकरमधून येणाऱ्या बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम, थेंब वाळला की मागे राहतो. या वेळी रोल धुवून झाल्यावर त्याचे दोन तुकडे केले, एक शेवटी टँकरच्या पाण्यातून काढला आणि दुसरा बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमधून, दोन्हीत फोटो-फ्लो (फिल्मवर थेंब साचू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालायचं साबणासारखं द्रव) तितकाच, २०० भागाला एक भाग. दुसरा तुकडा एकदम स्वच्छ. फोटो-फ्लोने पाणी नीट ओघळतं, पण पाण्यातला क्षार काही तो खात नाही. जुन्या रोलवरची चमकदार बाजूची कडी ओल्या कापसाने निघाली. निस्तेज बाजूला, जिथे चित्र धरणारा जिलेटिनचा नाजूक थर असतो, तिथे मात्र कापूस लावायचा नाही, तो रोल सरळ परत भिजवून पुन्हा धुवायचा. तर बाबा अर्धे बरोबर होते, आणि ते त्यांना अजून सांगितलेलं नाहीये.

काळ्यांनी मात्र डोकं खाल्लं. ते फक्त आभाळात यायचे. तलावपाळीचे, म्हणजे तळ्याकाठचे फोटो, वर अख्खं रिकामं आभाळ आणि त्यात मिरे सांडल्यासारखे ठिपके, खाली पाण्यात, झाडांत, माणसांत एकही नाही. आधी वाटलं वरच्या कडेलाच काहीतरी होतंय. मग उभे फोटो बघितले, तिथेही आभाळातच, म्हणजे कडेचा संबंध नाही. मग लक्षात आलं की आभाळ निगेटिव्हवर सगळ्यात गडद असतं म्हणून मोकळी जागा तिथे उठून दिसते, झाडाच्या सावलीत फिल्म तशीही जवळजवळ मोकळीच, तिथे ठिपका असला तरी कोणाला दिसणार. ठिपके सगळीकडे असतील, साक्ष फक्त आभाळ देतंय.

पहिला संशय हवेच्या बुडबुड्यांवर. डेव्हलपर ओतल्यावर बुडबुडा फिल्मला चिकटून राहिला तर त्याच्याखाली केमिकल पोचत नाही, म्हणून टँक, म्हणजे फिल्म डेव्हलप करायचा बंद डबा, ओट्यावर आपटायचा असतो आणि तो मी आपटतो, शेजारच्यांना विचारा. पण बुडबुड्याचा डाग गोल असतो. माझे ठिपके लूपखाली, म्हणजे भिंगातून, वेडेवाकडे, काहींना तर शेपूट. बरं, एकच कण आत अडकला असता तर प्रत्येक फ्रेममधे त्याच जागी दिसला असता, हे दर फ्रेमला जागा बदलतायत. म्हणजे फोटो काढताना फिल्मवर काहीतरी सुटं फिरत होतं, आणि डेव्हलपर बाटलीतून बाहेर येण्याआधीच काम झालेलं होतं.

मग ज्याने हे फोटो काढले त्या मामाच्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यावर नजर गेली. खात्री करायला आज सकाळी त्यात एक रोल आणि मित्राच्या कॅमेऱ्यात दुसरा, उपवन तलावावर जाऊन दोन्हीत नुसतं आभाळ काढलं, लोक बघत होते हा वेडा कशाचे फोटो काढतोय. दोन्ही रोल एकाच टँकमधे, एकाच पाण्यात, बर्फ लावून २० डिग्रीला आणलेल्या एकाच केमिकलमधे. मित्राचा रोल साफ. मामाच्या कॅमेऱ्याचा रोल ठिपक्यांनी भरलेला. मागचं झाकण उघडून काडीने कड खरवडली तर प्रकाश आत येऊ नये म्हणून लावलेला फोम चिकट काळा चिखल झालेला, हात लागला की भुगा. त्या काळच्या कॅमेऱ्यांचा हा फोम असाच विरघळतो, वापरा नाहीतर कपाटात ठेवा.

मामाला फोन केला. "तुझ्या हातात गेल्यावरच बरा खराब झाला," असं म्हणाला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळा फोम काढला, आणि झाकणाच्या खाचेत आईच्या पिशवीतली काळी लोकर बसवली, नवीन फोम मिळेपर्यंत बरेच जण तसंच करतात. हे ऐकल्यावर मामा म्हणाला, "अरे, लोकरीचे तंतू सुटतात, मग काळे ठिपके जाऊन काळे केस येतील."

येऊ देत. निदान ते तरी कुठून आले ते शोधायला लागणार नाही.