बाद करायची पुस्तकं

सोमवार

आजपासून आमच्या ग्रंथालयात निर्लेखन सुरू. फाटलेली, जुनी झालेली, वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं कपाटांतून काढायची आणि नोंदवहीत दाखल क्रमांकापुढे 'बाद' असं लिहायचं. नवी पुस्तकं खोक्यांत पडून आहेत, त्यांना जागा हवी. मला हे पटतं. तरी दर वर्षी पहिल्या दिवशी हात जड होतो.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. बाद करण्याआधी प्रत्येक पुस्तकाची निदान तीस पानं वाचायची. माझ्या वाचनाला धड एक विषय नाही असं घरचे म्हणतात, ते यामुळेच. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं, हे मला अशाच एका पुस्तकाने सांगितलं. मधमाशी नाचून फुलांची दिशा कळवते, हेही.

मंगळवार

कपाटावरचा विषय-क्रमांक ५५१, भूशास्त्र. एक जाडजूड पुस्तक निघालं. मागच्या चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा. तीस पानं म्हणून उघडलं आणि घरी आणून रात्री एकपर्यंत वाचत बसले.

आल्फ्रेड वेगेनर. खंडं सरकतात असं १९१२ साली सांगणारा माणूस. शिक्षण खगोलशास्त्राचं, काम हवामानाचं. खंडं कशाच्या जोराने सरकतात हे त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याचं म्हणणं मानलं नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो वारला. समुद्रतळाचे पुरावे हाती आले आणि १९६० च्या दशकात त्याचं मूळ म्हणणं खरं ठरलं.

एवढं मला आधी ढोबळ माहीत होतं. नवीन कळलं ते वेगळंच. १९११ च्या शरदात तो मारबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं चाळत होता. तिथे त्याच्या हाती एक निबंध लागला. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर सापडलेल्या एकसारख्या प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या जीवाश्मांची त्यात यादी होती. तिथून तो या प्रश्नामागे लागला.

चाळताना! तो निबंध मागायला तो तिथे आला नव्हता. तो निबंध तिथे होता, एवढंच. म्हणजे कुणीतरी तो विकत घेतला असणार, नोंदवला असणार, जागेवर ठेवला असणार. त्या माणसाचं नाव कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते.

बुधवार

दिवसभर धूळ. कित्येक पुस्तकांची पानं हात लावताच तुटतात. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन हवेने आणि उजेडाने पिवळं पडतं आणि शाई फुटू नये म्हणून जी तुरटी-राळ वापरत, तिच्यामुळे कागदात आम्ल तयार होतं. चिंध्यांपासून केलेला तीनशे वर्षांपूर्वीचा कागद टिकतो आणि शंभर वर्षांपूर्वीचा हा असा चुरतो. आज फार वाचलं नाही.

गुरुवार

६१६, आजार आणि उपचार. इथे मी अजिबात रेंगाळत नाही. एका जुन्या पुस्तकात पोटातल्या अल्सरचं कारण काळजी आणि तिखट खाणं असं ठामपणे लिहिलं होतं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू १९८० च्या दशकात दाखवून दिला, २००५ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. आपल्या दुखण्याचं उत्तर शोधत आलेल्या माणसाच्या हातात ते जुनं पुस्तक पडू द्यायचं नाही. लगेच बाद.

शुक्रवार

रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. तिसरा सिद्धांत, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. परीक्षेसाठी मी तो तोंडपाठ केला होता, पण कळला फार उशिरा.

सात वर्षांपूर्वी मी झाडापाल्यापासून रंग करण्याबद्दलचं एक पुस्तक बाद केलं. नऊ वर्षं कुणी नेलं नव्हतं. तीन महिन्यांनी एक बाई नेमकं तेच मागत आल्या. तरुणपणी त्यांनी इथेच बसून ते उतरवून घेतलं होतं, वही पावसात गेली होती. मी त्यांना काय झालं ते खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. 'असू दे' म्हणाल्या आणि गेल्या. दुसरी प्रत मला आजवर मिळालेली नाही.

आज हे आठवलं, कारण हातात मेंडेलवरचं पुस्तक होतं. आनुवंशिकतेबद्दलचा, वाटाण्यांवरच्या प्रयोगांचा त्याचा निबंध एका नियतकालिकात छापला गेला १८६६ मध्ये. त्याचं मोल ओळखलं गेलं १९०० मध्ये, तेव्हा त्याला जाऊन सोळा वर्षं झाली होती. मधली ३४ वर्षं ते अंक कुठल्या कुठल्या कपाटांत तसेच उभे होते. तिथल्या कुणी जागा हवी म्हणून ते काढून टाकले नाहीत, याबद्दल मला आज फार कृतज्ञ वाटलं.

शनिवार

यादी पुरी झाली. २१२ बाद, ९ ठेवली.

वेगेनरचं पुस्तक माझ्याच सभासद क्रमांकावर नोंदवलं. चिठ्ठीवर जागा उरली नव्हती, नवी चिकटवली, पहिला शिक्का मारला. शिवण सैल झाली आहे, पुठ्ठा जपून उघडावा लागतो. अजून १४० पानं वाचायची आहेत.