रामटेकच्या पायऱ्यांवरची कळलावी

श्रावणातल्या एका सकाळी नागपूरच्या गणेशपेठ स्थानकावरून रामटेकची एसटी धरली, ती देवदर्शनासाठी नव्हे, तर कळलावी या रानवेलीसाठी. कन्हान, मनसर मागे टाकत झालेल्या सुमारे 50 किलोमीटरच्या प्रवासाविषयी सांगण्यासारखे काही नाही. गडावरून अंबाळा तलावाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या कडेला, बोरीच्या झुडपात ती सापडली. पानांची टोकेच तणाव्यांसारखी गुंडाळत वेल वर चढली होती. मागे उलटलेल्या, नागमोडी कडांच्या सहा पाकळ्या बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल होत्या, तर शेजारचे जुने फूल पुरते लालभडक झाले होते. तिला अग्निशिखा का म्हणतात, ते वेगळे सांगावे लागत नाही.

मी वाकलो तोच गवत कापणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “हात नका लावू जी, घरात भांडनं लागतात.” कळलावीचे मूळ ज्याच्या घरात खोचावे त्या घरात कळ लागते, हा समज जुना आहे. मला मात्र नावातली कळ बाळंतपणाची वाटते, कारण अडलेल्या बाईच्या बेंबीभोवती किंवा तळपायांना या कंदाचा लेप लावीत आणि बाळ होताच तो तातडीने धुऊन टाकीत. ही घाई उगाच नव्हती. कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे विषारी द्रव्य असते. ते पेशींचे विभाजन रोखते. गाऊट या सांधे सुजवणाऱ्या आजारावर ते अत्यल्प मात्रेत देतात, पण रताळे समजून हा कंद खाल्लेली माणसे दगावली आहेत. आयुर्वेदाने तिला उपविषांत घातले आणि गोमूत्रात शोधन, म्हणजे शुद्धी, केल्यावरच वापरायला सांगितले, त्यामुळे घरी प्रयोग करण्याचा विचारही कोणी करू नये.

नांगरासारख्या दुबेळक्या कंदामुळे तिचे नाव लांगली. पावसाळ्यानंतर वेल वाळते, जुना कंद झिजतो आणि नवा कंद पुढच्या वर्षी फुटतो. म्हणून बी धरण्याआधी कंद खणला की त्या जागेवरची वेल संपते. तामिळनाडूत, जिथे ती राज्यफूल आहे, तिची बियांसाठी शेती होते, पण लागवडीचे कंदही बरेचदा रानातूनच आणले गेले. भांडणाच्या भीतीने तिला जेवढे राखले, तेवढे कोणत्याही नियमाने राखले नसेल, असे आजींकडे पाहून वाटले.

उतरताना पुढच्या वळणावर दोन ताजे खड्डे दिसले. कंद नेलेले होते. वेल उपटून बाजूला टाकली होती आणि तिच्यावरच्या कळ्या अजून हिरव्याच होत्या.