सांगलीतला जपानी अभ्यास : एन४ची तयारी कुठवर आली

मंडळी, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली, सगळ्यांत सोपी पातळी एन५ मागे पडली. आता डोळा डिसेंबरच्या, तिच्या पुढच्या एन४वर. पुण्यासारखे जपानीचे क्लास आपल्याकडे पावलापावलावर नाहीत, त्यामुळे घरी बसून काय भागतं आणि कशासाठी पुणं गाठावंच लागतं, ते या खेपेला लिहितोय.

मुख्य पुस्तक 'इरोदोरी'. जपान फाउंडेशनचं आहे, तीन भाग, पीडीएफ आणि ऑडिओ दोन्ही फुकट. विश्रामबागेत पाठपोट प्रिंट काढून स्पायरल करून घेतलं, कारण मोबाइलवर वाचलेलं माझ्या डोक्यात टिकत नाही. दुकान, दवाखाना, कामाची जागा असे रोजचे प्रसंग त्यात आहेत. याच संस्थेच्या 'मिनातो' संकेतस्थळावर बिनपैशाचे स्वयंअध्ययनाचे कोर्सही आहेत. ऐकण्यासाठी एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण सेवेचे सोपे धडे. ते हिंदीतूनही मिळतात.

आता खरी गंमत. एन४चं व्याकरण इंग्रजी स्पष्टीकरणातून वाचलं की पानंच्या पानं लागतात आणि तरी घोळ राहतो. मराठीतून बघा. जपानी क्रियापदाचं 'ते' रूप म्हणजे आपलं 'ऊन' रूप. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे, आणि 'मिरु' म्हणजे बघणेच! 'मादो ओ आकेते ओकु' : खिडकी उघडून ठेवणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'शिमाउ' तर आणखी भारी. 'झेंबु ताबेते शिमात्ता' म्हणजे सगळं खाऊन टाकलं, आणि 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे विसरून बसलो. काम उरकल्याची आणि हळहळीची अशा त्या क्रियापदाच्या दोन छटा आहेत. आपल्याकडे 'टाकणे' आणि 'बसणे' त्या वाटून घेतात. 'कामी ओ कित्ते मोरात्ता' ऐकलं की लगेच तोंडात येतं, केस कापून घेतले. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे, हे तर आपल्या अंगवळणी पडलेलंच असतं. वहीत डाव्या बाजूला जपानी आणि उजव्या बाजूला थेट मराठी लिहायला लागल्यापासून या धड्यांचा वेग दुप्पट झालाय.

एका ठिकाणी मात्र मराठी दगा देते. देणाऱ्याकडून गोष्ट माझ्याकडे आली तर 'कुरेरु', मी दुसऱ्याला दिली तर 'आगेरु'. आपलं दोन्हीकडे 'देणे'. इथे मनातल्या मनात बाण काढल्याशिवाय उत्तर लिहू नका.

परीक्षेचं थोडक्यात. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, आपल्याला सोयीचं केंद्र पुणे. फॉर्मवर ऑगस्टपासूनच लक्ष ठेवा. एन४ १८० गुणांची, पास व्हायला ९०. पण ऐकण्याच्या ६०पैकी किमान १९ हवेतच, नाहीतर एकूण कितीही मिळाले तरी नापास. ध्वनिफीत एकदाच वाजते. म्हणून सराव करतानाही मागे नेऊन ऐकायचं नाही, असा नियम मी स्वतःला घातलाय. कठीण आहे, पण परीक्षेच्या हॉलमध्ये तसंच होणार. आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम करा. पहाटेच्या एसटीने पोहोचून पेपर देणं म्हणजे अर्धी लढाई बसमध्येच हरणं.

'पुढे काय' हे बरेच जण विचारतात. कॉलेजात जपानी मुख्य विषय असेल तर जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती आहे. जपानी अभ्यासाच्या गटाला वय १८ ते ३०. फी, विमानभाडं आणि दरमहा भत्ता मिळतो, अर्ज दूतावासामार्फत. नोकरीसाठी जायचं असेल तर 'निर्दिष्ट कौशल्य' व्हिसा २०१९पासून सुरू आहे. त्यासाठी साधारणपणे एन४ किंवा जपान फाउंडेशनची जेएफटी-बेसिक ही भाषापरीक्षा, आणि त्या-त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा लागते. जेएफटी संगणकावर होते, २५०पैकी २०० गुण लागतात. लाखभर रुपये आधी मागणारे एजंट आपल्या भागातही फिरतात. परीक्षेचे नियम संकेतस्थळावर उघडे आहेत, ते स्वतः वाचा आणि मग कुणाशी बोला. आणि घरचे विचारतात ना, 'सांगलीत जपानीचं काय काम?' त्यांना सांगा, किर्लोस्करवाडीत जपानच्या एबारा कंपनीसोबतच्या भागीदारीतला पंपांचा कारखाना आहे. नोकरी लागेलच असं नाही, पण तोंड बंद होतं!

कांजीची, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांची, गती मात्र मंद आहे. ॲपमध्ये ओळखता येतात, हाताने लिहायला गेलं की रेघ कुठून सुरू करायची तिथेच अडतं. परीक्षेत लिहायचं नसतं हे खरं, तरी मी चौकटीची वही सोडणार नाही; हाताला वळण लागलं की सारखी दिसणारी अक्षरं आपोआप वेगळी पडतात.

राहिलं बोलणं. जेएलपीटीत ते तपासतच नाहीत, त्यामुळे सगळेच टाळतात. सांगली, मिरज, कुपवाडचं कुणी असेल तर रविवारी सकाळी आमराईत भेटू. तासभर फक्त जपानी, चुकलं तरी मराठीत घसरायचं नाही, आणि चहाचे पैसे पहिल्यांदा घसरेल त्याने द्यायचे.