पटांगणात लावलेला भाता

स्मरणिका समितीने ‘शाळेने मला काय दिले’ असा विषय दिला आहे आणि शब्दमर्यादाही घातली आहे. मर्यादा पाळली जाईल असं वाटत नाही. शाळेने बरंच काही दिलं असेल, पण मी लिहिणार आहे ते फक्त बाईंबद्दल. 1974 च्या आगेमागे जुनी अकरावी ज्यांनी दिली त्यांना ‘कुठल्या बाई’ हे सांगायला नको. बाकी सगळ्या बाईंना आपण आडनावाने ओळखायचो, यांना नुसतं बाई. मुख्याध्यापक सर, इंग्रजीचे सर, गॅदरिंग, खो-खोची ढाल यांवर बाकीचे लिहितीलच.

बाई शास्त्र शिकवायच्या आणि भूगोलाचे सर रजेवर गेले की भूगोलही. राहायला पंचवटीत. रोज व्हिक्टोरिया पुलावरून चालत यायच्या, रविवार कारंजा, मेन रोड करत. (पुलाला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे हे माहीत असूनही आमच्या पिढीच्या तोंडून व्हिक्टोरियाच निघतं.) खांद्याला कापडी पिशवी, पायात जाड चपला, आणि वाटेतल्या निम्म्या दुकानदारांशी बोलणं. भाव करण्यासाठी नव्हे. हे कुठून आलं, कशाचं केलं, उरतं त्याचं काय करता, असले प्रश्न. दुकानदार आधी वैतागायचे, मग आपणहून हाक मारायचे, “बाई, जरा इकडे या, नवीन माल आलाय.”

तेव्हा नाशिक नगरपालिकेचं गाव होतं, महापालिका 1982 ची. सातपूरला कारखाने आले होते, ओझरला विमानं बनत होती, नाशिकरोडला नोटा छापत होत्या, पण आम्हा गावठाणातल्या पोरांचं जग अशोक स्तंभापासून गंगेपर्यंतच. गोदावरी वगैरे पुस्तकात, घरी ‘गंगेवर जाऊन येतो’. बुधवारी गंगेवर बाजार भरायचा. दर उन्हाळ्यात घाटावर वसंत व्याख्यानमाला, तीही फुकट. पुराचं पाणी किती चढलं ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळायचं. 1969 च्या महापुरानंतर सराफ बाजारातला चिखल उपसताना लोक एकेक घमेलं जपून का ठेवताहेत, हे मला त्या वयात कळलं नव्हतं. ते बाईंमुळे कळलं, तेही चार वर्षांनी.

त्यांनी दहावीत आम्हाला ‘दुकानवही’ घालायला लावली. बाकाबाकाने एकेक दुकान वाटून दिलं. पुस्तकातलं काही उतरवायचं नाही, दुकानात जाऊन उभं राहायचं, विचारायचं, लिहायचं. कोणाला पिठाची गिरणी मिळाली, कोणाला बुरूड, कोणाला गाद्या पिंजणारा. एका जोडीला झारेकरी मिळाला तेव्हा सगळा वर्ग हसला. झारेकरी म्हणजे सराफांच्या दुकानांतला केर आणि समोरच्या गटारीतला गाळ विकत घेऊन, पाटीत धुऊन, त्यातून सोन्याचे कण काढणारा माणूस. केराचाही लिलाव होतो आणि चांगल्या पेढीचा केर महाग जातो, हे त्या दोघांनी वहीत लिहून आणल्यावर हसणं थांबलं. सोनं जड म्हणून तळाशी राहतं आणि माती वाहून जाते, एवढ्यावर बाईंनी घनतेचा अख्खा पाठ संपवला.

आम्हाला सायकलचं दुकान. आम्ही खूष, कारण तिथे आम्ही तसेही पडीक असायचो. तासावर सायकल मिळायची, रजिस्टरात नाव आणि वडिलांचं नाव लिहून. उंची पुरत नसेल तर दांड्याखालून पाय घालून कैची मारायची. वहीत आम्ही पंक्चरची कृती लिहिली: ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे दिसतील तिथे खूण करायची, कानशीने घासायचं, सोल्यूशन लावायचं, वाळू द्यायचं, मग ठिगळ. बाईंनी समासात लाल शाईने लिहिलं, “वाळू का द्यायचं?” आम्ही परत दुकानात. मालक म्हणाले, “ओलं असताना लावलं तर निघतं. का, ते तुमच्या बाईंना विचार, शाळेत कशाला जातोस मग?” हे उत्तर आम्ही जसंच्या तसं लिहिलं, आणि बाईंनी त्यालाच पूर्ण मार्क दिले. सोल्यूशनमधलं पातळ द्रव्य उडून जाऊन चिकट रबर मागे राहावं लागतं, हे नंतर सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळायचा. बाईंनी एकदा मिलोची भाकरी डब्यातून आणून टेबलावर ठेवली आणि भिंतीवरच्या नकाशात अमेरिका दाखवली. आमच्यातले अर्धे तीच भाकरी घरून खाऊन आलेले होते.

पण मला सांगायचंय ते कल्हईचं.

तांबट लेनमध्ये एक चाचा बसायचे. गॅदरिंगच्या मसालेभाताची शाळेची पितळी पातेली आतून काळी पडली होती, कल्हई, म्हणजे आतला कथलाचा थर, उडाली होती. ती दरवर्षी शिपाईमामा हातगाडीवर टाकून घेऊन जायचे. त्या वर्षी बाई म्हणाल्या, पातेली कशाला जातील, चाचाच येतील. आणि चाचा आले. खालच्या पटांगणात नळाजवळ खड्डा खणला, त्यात भात्याचं तोंड बसवलं, वरून मातीने लिंपलं, कोळसा पेटवला. आमचा वर्ग अर्धगोल करून उभा. बाईंनी चाचांसाठी स्टाफरूममधून खुर्ची आणवली होती. ते काही खुर्चीवर बसले नाहीत, कारण खुर्चीवर बसून भाता ओढता येत नाही. शेवटी खुर्चीवर कोळशाची गोणी ठेवली.

पातेलं आधी आंबट पाण्याने आणि वाळूने घासलं. मग निखाऱ्यावर फिरवत तापवलं. चाचा मधूनमधून कथलाची कांडी आतून टेकवून बघायचे. ती घसरली की अजून वेळ आहे, चिकटून पाझरली की झालं. थर्मामीटर नाही, काही नाही. मग चिमूटभर नवसागर टाकला आणि कापसाच्या बोळ्याने कथील असं काही फिरवलं की काळ्या पातेल्याच्या पोटात आमची तोंडं दिसायला लागली. पातेलं पाण्यात बुडवताना चर्रकन आवाज झाला आणि पुढच्या रांगेतल्या मुली मागे सरल्या.

नवसागराचा पांढरा धूर मात्र मागे सरेना. वारा वरच्या मजल्याकडे होता आणि तिथे अकरावीची चाचणी चालू होती. खिडक्या धडाधड लागल्या, खोकल्याचे आवाज आले, आणि शिपाईमामा धावत खाली. “बाई, मोठे सर विचारतात, आग लागली का?” बाई म्हणाल्या, “सरांना सांगा, रसायनशास्त्र चालू आहे.” मामा वर गेले. आम्हाला वाटलं आता बाईंची काही धडगत नाही. दोनच मिनिटांत सर स्वतः आले, कोट, काळी टोपी, हातात घड्याळ. पातेल्यात वाकून बघितलं. चाचांना विचारलं, “किती दिवस टिकेल?” चाचा म्हणाले, “चिंच-कोकम किती टाकता त्यावर आहे, साहेब.” सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मामांना म्हणाले, “आमच्या घरी जा. फोडणीचं पातेलं आणि आमटीचं, दोन्ही घेऊन या.”

त्यानंतर स्टाफरूममधल्या सगळ्यांच्या घरून भांडी येत राहिली. भाता शाळा सुटेपर्यंत चालू. शेवटचा तास पीटीचा होता, तो भाता ओढण्यातच गेला. पीटीच्या सरांची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन आकडे: कथील 232, तांबं 1085. एक वितळतं तेव्हा दुसरं कुठेच पोहोचलेलं नसतं, म्हणून कल्हई होते. पितळ तांब्याच्या थोडं आधी वितळतं, तरी कथलाच्या खूप वर. नवसागर तापला की त्यातून सुटणारं आम्ल धातूवरचा गंज खातं, म्हणून कथील नीट चिकटतं. आंबट पदार्थ उघड्या पितळेत ठेवला की कळकतो, तो का, हेही त्याच तासाला. त्या धड्यावर आम्हाला परीक्षेत काय आलं ते आठवत नाही, पण त्या वर्गातला कोणीही माणूस आज झोपेतून उठवला तरी 232 सांगेल. मी दोघांवर करून पाहिलंय.

आणखी एक. आम्ही वहीत चाचांचा हिशेब मांडला होता: कथील, कोळसा, नवसागर, हातगाडीचं भाडं, उरलेली मजुरी. बाईंनी तो चाचांना वाचून दाखवायला लावला. ऐकून ते म्हणाले, “मांडला नसता तर बरं झालं असतं, बाई. इतके दिवस वाटत होतं काहीतरी सुटतंय.” पुढच्या वर्षीपासून शाळेने त्यांचा दर वाढवला. तो बाईंनीच वाढवून घेतला असणार.

सिनेमाला जायला बाईंची ना नव्हती. सर्कल, विकास, मधुकर, हेमलता, सगळ्यांची नावं त्यांना आमच्याइतकीच पाठ. एका टॉकीजच्या मशीन ऑपरेटरशी बोलून त्यांनी आम्हाला पाच-पाच जणांना वरच्या केबिनमध्ये पाठवलं होतं. दोन कार्बनच्या कांड्यांमधला डोळे दिपवणारा उजेड, शेजारी शेजारी दोन मशीन, एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं चालू करायचं, आणि खाली लोकांना पत्ताही नाही. फाळके आपल्या त्र्यंबकचे, त्यांची कंपनी इथे नाशकात होती आणि 1944 साली ते इथेच गेले, हे त्या केबिनच्या जिन्यात उभं राहून बाईंनी सांगितलं. विजयानंद थिएटरवरून जाताना मात्र सिनेमाचं नाव नाही, फक्त 21 डिसेंबर 1909. इथे नाटक बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळी झाडली. आमच्यातले काही जण पुढे कित्येक दिवस जॅक्सन कुठल्या खुर्चीवर बसला असेल यावर भांडत होते.

आता माझ्याबद्दल थोडं, समितीने मागितलंच आहे म्हणून. अंबडला माझा छोटा कारखाना आहे. स्विचगियर कंपन्यांसाठी तांब्याच्या बसबारवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर, टिन प्लेटिंग करतो. तांबं उघडं राहिलं की त्यावर थर चढतो आणि जोड तापतो, म्हणून वर कथील. आधी आम्लाने धुणं, मग पाण्याने खंगाळणं, मग कथील. भात्याच्या जागी रेक्टिफायर (डीसी वीज देणारं यंत्र) आहे आणि बोळ्याच्या जागी टाकी, एवढाच फरक. ग्राहकांची माणसं तपासणीला येतात तेव्हा मायक्रॉनमध्ये जाडी मोजून दाखवावी लागते. चाचा तोंड बघून सांगायचे. मुलगा आता धंदा बघतो, त्याने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की तो मध्येच उठून जातो.

स्टीलची भांडी आली आणि कल्हई गेली. तांबट लेनमधली ठोकाठोक अजून ऐकू येते, पण आधी बोलताना ओरडावं लागायचं, तसं नाही. सायकलच्या दुकानाच्या जागी मोबाईलचं झालंय. एकेक करून टॉकीज बंद पडल्या. गंगेवर कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतलं, त्याबद्दल न बोललेलं बरं. नातवाला पेरू हवा असेल तर तो फोनवर मागवतो, दहा मिनिटांत घरी. कुठून आला, असं विचारायला समोर कोणी नसतंच. रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाचा जमिनीतला हौद, तेवढी आहे तशी आहे. तिवंधा चौकातल्या रहाडीत गेल्या साली मी धप्पा मारला, म्हणजे उडी घेतली, बायको नको म्हणत असताना.

शाळेत स्मार्ट बोर्ड आल्याचं वाचलं. त्या निधीत माझीही देणगी आहे, पावती जपून ठेवली आहे. पण शास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. मुलांना घेऊन अंबडला या. गाडीचं आणि नाश्त्याचं मी बघतो. शनिवार सोडून कधीही, शनिवारी आमची सुट्टी असते. सकाळी दहाच्या आत आलात तर टाकी चालू होताना दिसेल. मुलांना बंद बूट घालून आणा, चपला चालत नाहीत, आणि वही आणायला सांगा. मोबाईल गेटवर जमा करावे लागतील.