फाल्गुनातला अणुस्कुरा : धनगरवाडा ते उन्हाळे गावचं कुंड

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे, पण जुलैमधली. पाऊस सरला की या डोंगरांकडे आपण फिरकत नाही. मला विचाराल तर धनगरवाडे बघायचे ते ऐन फाल्गुनात. पावसाळ्यात चहूकडं पाणीच असतं. ते कुठून येतं आणि कोण वाहून आणतं, हे उन्हातच दिसतं.

कळे, बाजारभोगाव करत आम्ही अणुस्कुरा घाटाच्या बाजूला गेलो आणि मुक्कामी गाडीतून उतरून भल्या पहाटे सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावर चढलो. गवत वाळून पिवळं पडलेलं. कातळाच्या कडेनं अंजनी मात्र फुललेली, फांदीला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके. करवंदं अजून हिरवी होती. रानात गव्यांच्या वाटा ठळक दिसतात. ताजं शेण दिसलं की आवाज करत चालायचं आणि संध्याकाळी पाणवठ्याजवळ थांबायचं नाही. या दिवसांत वणव्याचं भय मोठं, त्यामुळं चूल मांडणं सोडाच, काडीसुद्धा ओढायची नाही.

वाड्याचं नाव मुद्दाम देत नाही, तिथं झुंडीनं कुणी जाऊ नये म्हणून. मोजकी घरं, कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन आणि त्याच छपराखाली म्हशी. आम्ही पोचलो तेव्हा एक मावशी झऱ्यावर बसल्या होत्या. झरा म्हणजे दगडाच्या कपारीतला परातीएवढा खड्डा. त्या करवंटीनं वरवरचं पाणी अलगद उचलायच्या, हांड्यावर बांधलेल्या फडक्यातून ओतायच्या. पाणी गढूळ झालं की हात आवरून बसायच्या. गाळ खाली बसला की पुन्हा करवंटी. हांडा भरायला लागलेला सगळा वेळ आम्ही तिथंच उभे होतो. मग डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हांडा आणि वर घरापर्यंत चढण. हांडा आम्ही घेतो म्हटलं, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या दादा, तुमच्यानं सांडंल."

सह्याद्रीच्या या माथ्यावर, गगनबावड्याच्या पट्ट्यात, वर्षाला 5000 मिलिमीटरच्या पुढंही पाऊस पडतो. पण वरचा जांभा दगड सच्छिद्र. पाणी मुरतं, उतारानं खाली निघून जातं आणि माघ सरता सरता वरचे झरे बारीक होतात.

घरात नाचणीची भाकरी आणि ताक मिळालं. बोलता बोलता विषय जमिनीवर आला. हे गवळी धनगर पिढ्यान् पिढ्या या डोंगरात राहतात, पण राज्यात धनगरांची नोंद भटक्या जमातींत आहे, अनुसूचित जमातींत नाही. म्हणून 2006 च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करावा लागतो आणि तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. म्हशींच्या मागं चाऱ्यासाठी रानोमाळ हिंडलेल्या माणसानं 75 वर्षांपूर्वीचा कागद आणायचा कुठून? मला ही अट अन्यायाची वाटते. म्हाताऱ्या बाबांनी आपल्या आजोबांनी लावलेलं फणसाचं झाड दाखवलं. माझ्या लेखी तो पुरावा पुरेसा आहे.

दुसऱ्या दिवशी घाट उतरलो. डांबरी रस्ता झाला तरी जुन्या पायवाटेची दगडी फरसबंदी अजून जागोजागी टिकून आहे. राजापूर बंदरातला माल याच वाटेनं घाटावर चढायचा. राजापूरच्या इंग्रजांनी 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली आणि 1661 मध्ये महाराजांनी त्यांची राजापूरची वखार लुटली. खाली येरडव, पुढं पाचल, तिथून वडाप (सीटवर भाडं घेणारी जीप) धरून राजापूर.

उन्हाळे गाव राजापूरला लागूनच. गंधकाचा वास नाकाला लागतो आणि दगडी गोमुखातून गरम पाण्याची धार अखंड पडत असते. वर करवंटीनं पाणी टिपताना बघितलेलं, त्यामुळं त्या धारेखाली पहिल्यांदा उभं राहताना संकोच वाटला. इथं जवळपास ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं. दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. तिथं तापलेलं पाणी भेगांतूनच वर येतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, तुरळ, राजवाडी करत राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची किनाऱ्याला समांतर ओळच आहे. घाट उतरून पोटऱ्या भरून आल्या होत्या, त्या धारेखाली सैल झाल्या. कुंडाजवळ साबण मात्र नेऊ नका.

जाणार असाल तर होळीच्या आगेमागे जा, नंतर कातळ फार तापतो. माणशी चार लिटर पाणी बाजारभोगावातूनच भरून घ्या, वाड्यावरच्या झऱ्यावर बाटल्या भरू नका. परतीच्या एसटीची वेळ राजापूर स्टँडवर आधी विचारून ठेवा आणि मगच अंघोळीला जा.