आमची वाटचाल : पंधरा फ्लॅग ते एक आकडा

आम्ही तिघांनी कंपनी काढली तेव्हा कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर करायचं, एवढंच ठरलं होतं. सॉफ्टफोनची, म्हणजे संगणकाच्या स्क्रीनवरच्या फोनची, बटणं आमची झोप उडवतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पहिल्या आवृत्तीत बटणागणिक एक फ्लॅग, म्हणजे चालू-बंदची खूण, असे पंधरा. होल्ड दाबलं की होल्ड बंद, रिट्रीव्ह (होल्डवरचा कॉल परत घ्यायचं बटण) चालू, ट्रान्सफर बंद. सगळा हिशेब एजंटच्या स्क्रीनवरच. एकदा एका एजंटने कॉल होल्डवर टाकला, त्याच क्षणी पलीकडच्याने फोन ठेवला आणि लगेच दुसरा कॉल वाजू लागला. स्क्रीनवर रिट्रीव्ह चालू, आन्सर करडं. कॉल वाजतोय आणि ती बिचारी मेलेलं बटण दाबतेय! त्या संध्याकाळी ग्राहकाकडून मी जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग भागीदाराने सगळे फ्लॅग उडवून प्रत्येक बटणाला एकाच आकड्यातला एक बिट, म्हणजे 0 किंवा 1 ची एक जागा, दिला. आन्सर 1, हँगअप 2, होल्ड 4, रिट्रीव्ह 8, ट्रान्सफर 16, कॉन्फरन्स 32, असं दुपटीने पुढे. कॉलची अवस्था बदलली की सर्व्हर एकच आकडा पाठवतो. फोन वाजतोय तर 1. बोलणं चालू असेल तर 54, म्हणजे 2, 4, 16 आणि 32. स्क्रीनने स्वतःचं डोकं चालवायचंच नाही. आकड्याचं प्रत्येक बिटाशी अँड करायचं (दोन्हींत 1 असलेले बिट तेवढेच ठेवायचे), शून्य आलं की बटण करडं.

नव्या एजंटांना ट्रान्सफर नको, अशी मागणी आली तेव्हा अधिकारांचा वेगळा मास्क, म्हणजे परवानगी असलेल्या बटणांचा तसाच आकडा, करून दोन्हींचं अँड केलं. 54 चे 38 झाले, काम संपलं.

पुढे सुपरवायझरची बटणं वाढत गेली, आणि बत्तिसावं काही केल्या चालू होईना. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत बिटांची गणितं चिन्हासह 32 बिटांत होतात आणि सगळ्यात वरचा बिट चिन्हाचा. उत्तर येत होतं -2147483648, आणि आम्ही तपासत होतो 'शून्यापेक्षा मोठं आहे का?' ते 'शून्य नाही ना?' केलं. दुरुस्ती एका ओळीची, शोधायला दोन दिवस. तेहतिसाव्यासाठी मात्र दुसरा आकडा घेतला, कारण बिट मिळतो 1 ला डावीकडे सरकवून (दर घराला दुप्पट), आणि तिथे 32 घरं सरकवलं तर परत 1 च मिळतो, म्हणजे आमचं आन्सर.

हल्ली तक्रार आली की मी आधी लॉगमधला आकडा विचारतो. परवा सपोर्टमधली मुलगी म्हणाली, "सर, 10 आहे. कॉल होल्डवरच आहे, त्यांना रिट्रीव्ह दाबायला सांगते."